निघालेला अर्थ, काढलेला अर्थ

"तुझ्या बोलण्याचा अर्थ असा निघतो की..." असं एकजण म्हणतो. "तू नको तो अर्थ काढतोयस," असं दुसरा म्हणतो. कितीतरी भांडणं या दोन वाक्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत होतात. पहिल्याच्या लेखी अर्थ आपणहून बाहेर आलेला असतो, त्यानं तो फक्त पाहिलेला असतो. दुसऱ्याच्या लेखी तो मुळात तिथे नव्हताच, कुणीतरी बाहेरून आणून ठेवला. निघणं आणि काढणं. गोष्ट एकच, पण क्रियापद बदललं की जबाबदारी एकाच्या अंगावरून उतरून दुसऱ्याच्या अंगावर बसते.

इंग्रजीतली दोन क्रियापदं नेमकी याच पट्टीवर उभी आहेत: इम्प्लाय आणि इन्फर. भाषांतराच्या कामात ती माझ्यासमोर सतत येतात आणि दर वेळी मला थांबवतात. त्यांचा नियम सांगायला सोपा आहे. बोलणारा इम्प्लाय करतो, ऐकणारा इन्फर करतो. उघड न म्हणता सुचवणं हे पहिलं, समोर आलेल्या गोष्टींवरून अनुमान काढणं हे दुसरं. पहिल्याच्या लॅटिन मुळात आत दुमडून ठेवण्याची कल्पना आहे, दुसऱ्याच्या मुळात आत आणण्याची. एकानं घडी घालून ठेवायची, दुसऱ्यानं ती उलगडायची, असं चित्र डोळ्यासमोर येतं. ते चित्र सुबक आहे. मात्र घडी घालणाऱ्यानं जे ठेवलं तेच उलगडणाऱ्याच्या हाती येईल, याची हमी त्यात कुठेच नाही.

मराठीत दोन्ही बाजूंना शब्दांची वाण नाही. सुचवणं, सूचित करणं, आडून बोलणं, टोमणा मारणं एकीकडे. ताडणं, ओळखणं, अनुमान काढणं, तर्क करणं दुसरीकडे. पण आपली खरी हुशारी मला 'लेकी बोले सुने लागे' या म्हणीत दिसते. यात बोलणं आहे आणि लागणं आहे. सुचवलं कुणी आणि समजून घेतलं कुणी, याचा पत्ताच म्हण लागू देत नाही. सुनेनं विचारलं, तर "मी तुला कुठे काय म्हटलं?" हे उत्तर तयार असतं, आणि ते शब्दशः खरंही असतं. लागलं मात्र नक्की.

दोन्ही इंग्रजी क्रियापदांत आणखी एक फरक आहे, आणि माझ्या मते दिशेच्या फरकाहून तो खोल आहे. इम्प्लायचा कर्ता निर्जीव चालतो. आकडे इम्प्लाय करतात, मौन इम्प्लाय करतं, करारातलं एखादं कलम इम्प्लाय करतं. इन्फरला मात्र माणूस लागतो, किंवा निदान विचार करणारं काहीतरी लागतं. 'आकड्यांनी इन्फर केलं' असं कुणी लिहीत नाही. म्हणून अनुमान स्वतःचं असूनही स्वतःच्या नावावर नको असेल, तेव्हा लेखक पहिल्या क्रियापदाचा आसरा घेतो. 'या अहवालातून असं सूचित होतं' या वाक्यात एक माणूस लपलेला असतो. त्यानं अहवाल वाचला, त्यातलं काही उचललं, काही सोडलं, आणि एका निष्कर्षाला पोचला. भाषांतर करताना मला त्या माणसाला बाहेर बोलवावंसं वाटतं. मूळ वाक्याशी इमान राखायचं म्हणून मी तसं करत नाही, पण दर वेळी ते मनाला टोचतं.

या दोन क्रियापदांची गल्लत करणाऱ्यांवर भाषाशुद्धीवाले फार चिडतात. इन्फरचा उपयोग सुचवण्याच्या अर्थानं करणं हा अलीकडचा बिघाड आहे, असं त्यांचं म्हणणं. इतिहास त्यांच्या बाजूचा नाही. इंग्रज लेखक थॉमस मोरनं 1528 साली ही दोन्ही क्रियापदं आज मान्य असलेल्या अर्थांनी वापरली, आणि त्याच मोरनं 1533 साली इन्फर सुचवण्याच्या जवळ जाणाऱ्या अर्थानंही वापरलं. पुढे जवळजवळ चार शतकं दोन्ही वापर शेजारी शेजारी नांदले. तक्रारी सुरू झाल्या त्या पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. शिवाय एकाच क्रियापदानं दोन्ही दिशा सांभाळणं इंग्रजीला नवं नाही. घर भाड्यानं देणारा आणि घेणारा, दोघंही तिथे 'रेंट' करतात, आणि कुणाचा घोटाळा होत नाही. त्यामुळे नियम मोडला म्हणून कुणाला अडाणी ठरवणं मला पटत नाही. तरीही हा फरक टिकावा असं मला मनापासून वाटतं. घर कुणी दिलं आणि कुणी घेतलं हे कागदावर असतं. अर्थ कुणी दिला आणि कुणी घेतला याचा कागद नसतो.

तो कागद नसल्यामुळे माणसं मेलेली आहेत. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री आणि कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट हे एकेकाळचे जिवलग मित्र, पुढे चर्चच्या अधिकारांवरून हाडवैरी झाले. 1170 च्या डिसेंबरात राजा नॉर्मंडीत दरबारात बसलेला असताना बेकेटबद्दल संतापून बोलला. नेमके शब्द काय होते याच्या निरनिराळ्या परंपरा आहेत. आज्ञा म्हणता येईल असं त्यात काही नव्हतं. दरबारातल्या चार सरदारांनी ते ऐकलं, समुद्र ओलांडला, आणि 29 डिसेंबरला कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये बेकेटला तलवारींनी मारलं. 1172 साली आव्राँश इथे पोपच्या प्रतिनिधींसमोर हेन्रीनं शपथ घेतली. आपण ही हत्या करायला सांगितली नाही आणि आपल्याला ती हवीही नव्हती, असं तो म्हणाला. मात्र आपल्या रागामुळे मारेकऱ्यांना तसं वाटलं असावं, हे त्यानं कबूल केलं. 1174 साली तो अनवाणी कँटरबरीला गेला आणि तिथल्या साधूंकडून त्यानं पाठीवर फटके खाल्ले.

त्या शपथेबद्दल वाचलं की मी आधी शब्द बाजूला ठेवते आणि त्या दरबाराचा विचार करते. राजा इम्प्लाय करत होता का? कदाचित तो नुसता तळमळत होता. सरदारांनी इन्फर केलं हे नक्की. पण राजाच्या रागातून अर्थ काढणं हाच ज्यांचा पेशा, त्यांच्यासमोर राजानं संतापावं, तेव्हा 'मी सुचवलं नव्हतं' या वाक्याचं वजन किती उरतं? सत्ता जितकी मोठी तितकं तिचं साधं बोलणंही सुचवणं होऊन बसतं. वरिष्ठानं सहज विचारलेलं "हे अजून झालं नाही का?" हाताखालच्या माणसाला आज्ञा म्हणून ऐकू जातं. हेन्रीनं शपथेत जे म्हटलं त्यात मला पळवाट कमी आणि प्रामाणिकपणा जास्त दिसतो. आज्ञा नाकारूनही आपल्या रागाचा वाटा त्यानं स्वतःकडे घेतला.

कायद्यानं या प्रश्नाची उत्तरं दिली आहेत, पण ती एकसारखी नाहीत. सॅम्युएल ब्रॉन्स्टन हा चित्रपटनिर्माता. त्याची कंपनी दिवाळखोरीत गेली आणि 1966 साली शपथेवर त्याची चौकशी झाली. वकिलानं विचारलं, स्विस बँकांत तुमची खाती आहेत का? तो म्हणाला, नाही. कधी होती का? त्यावर तो म्हणाला, कंपनीचं खातं होतं, साधारण सहा महिने, झुरिकमध्ये. वकील पुढच्या प्रश्नाकडे वळला. ब्रॉन्स्टनचं स्वतःचं खातं जिनिव्हात होतं, जवळपास पाच वर्षं. त्याच्या उत्तरातला शब्द न् शब्द खरा होता. कंपनीचं खातं खरोखर होतं. प्रश्न त्याच्याबद्दल होता आणि उत्तर कंपनीबद्दल, एवढंच. खोट्या साक्षीसाठी ज्युरीनं त्याला दोषी धरलं. 1973 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं ती शिक्षा रद्द केली. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी निकालात म्हटलं की साक्षीदाराला नेमक्या मुद्द्यावर पकडून ठेवणं हे प्रश्न विचारणाऱ्याचं काम आहे.

म्हणजे न्यायालयानं इन्फर करणाऱ्याला सांगितलं: अर्थ तुम्ही काढलात, तो तुमचा. निकाल वाचल्यावर पहिल्यांदा मला राग आला होता. विचार करत गेले तसा तो निवळला. साक्षीदाराला त्याच्या वाक्यांतून निघू शकणाऱ्या प्रत्येक अर्थासाठी तुरुंगात टाकायचं म्हटलं तर साक्ष द्यायला कोण धजेल? उलटतपासणी असते ती याचसाठी, आणि तिथे प्रश्नकर्ता व्यवसायानं चाणाक्ष असतो. पण हाच न्याय घरात लावायला लागलो तर जगणं अवघड होईल. बायकोनं नवऱ्याची, मुलानं आईची, मित्रानं मित्राची उलटतपासणी घ्यायची नसते. तिथे ऐकणारा विश्वासानं अर्थ काढतो, आणि तो तसा काढणार हे बोलणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

बदनामीच्या कायद्यात काटा दुसरीकडे झुकतो. सिरिल टॉली हा इंग्लंडचा नामवंत हौशी गोल्फपटू. फ्राय कंपनीनं चॉकलेटच्या जाहिरातीत त्याचं व्यंगचित्र छापलं, खिशातून चॉकलेटचं वेष्टण डोकावतंय असं. त्याला न विचारता. चित्रात किंवा ओळींत त्याच्याविरुद्ध एक अक्षर नव्हतं. पण यानं जाहिरातीसाठी पैसे घेतले, म्हणजे हौशी खेळाडू म्हणवून घ्यायची याची लायकी नाही, असा अर्थ लोक काढतील, ही त्याची तक्रार होती. 1931 साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं, ती मान्य केली. सुजाण वाचक जे इन्फर करेल त्याची जबाबदारी छापणाऱ्यावर आली. एका ठिकाणी ऐकणाऱ्यानं जपायचं, दुसऱ्या ठिकाणी बोलणाऱ्यानं. मला यात विसंगती दिसत नाही. ज्याला उलट प्रश्न विचारता येतो त्यानं विचारावा. जाहिरात वाचणाऱ्याला ती सोय नसते.

ब्रॉन्स्टनच्या उत्तराच्या शेजारी मला एक पत्र ठेवून पाहावंसं वाटतं. तत्त्वज्ञ पॉल ग्राइसनं 1967 साली हार्वर्डमध्ये व्याख्यानं दिली. त्यातलं सुचवलेल्या अर्थाबद्दलचं एक 1975 साली छापून आलं, आणि तेव्हापासून या विषयावर बोलणारा प्रत्येकजण त्याचा ऋणी आहे. त्यात एक शिफारसपत्र येतं. विद्यार्थी तत्त्वज्ञानाच्या नोकरीसाठी अर्ज करतोय आणि त्याचा प्राध्यापक लिहितो: यांचं इंग्रजीवर उत्तम प्रभुत्व आहे आणि वर्गातली हजेरी नियमित होती. बस. तत्त्वज्ञानाबद्दल चकार शब्द नाही. वाचणारा ताबडतोब समजतो की हा विद्यार्थी कामाचा नाही. कसं समजतो? शिफारस करणाऱ्याला याहून जास्त ठाऊक आहे, आणि याहून जास्त सांगणं त्याचं काम आहे, हे वाचणाऱ्याला माहीत असतं. तरी त्यानं सांगितलं नाही, म्हणजे जे सांगायचं ते लिहिण्यासारखं नसावं. ग्राइसचं म्हणणं असं की संभाषण हे सहकार्यानं चालतं, आणि न बोललेला अर्थ या सहकार्याच्या अपेक्षेवर उभा असतो. तो मागेही घेता येतो. 'आणि तत्त्वज्ञानातही ते अव्वल आहेत' एवढं जोडलं की सगळं सूचन विरून जातं, आणि आधीची वाक्यं खोटीही ठरत नाहीत.

पत्र आणि साक्ष, दोन्हींत तोंडानं खरं बोलून वेगळंच पोचवलेलं आहे. पण पत्र लिहिणाऱ्याला वाटत असतं की वाचणाऱ्यानं आपली खूण ओळखावी. आपण काहीतरी सुचवतोय हे कळावं आणि मग त्यातलं कळावं. ब्रॉन्स्टनला नेमकं हेच नको होतं. वकिलानं अर्थ काढावा, पण तो काढायला लावलाय हे त्याच्या ध्यानात येऊ नये. माझ्या दृष्टीनं इम्प्लाय या क्रियापदाच्या पोटातली खरी फट इथे आहे. उघड्या डोळ्यांदेखत सुचवणं आणि नकळत भरवणं यांना इंग्रजी एकाच क्रियापदानं हाक मारते, आणि मराठीही बहुतेकदा तेच करते.

हे कौशल्य आपण लहानपणी शिकतो, जन्माला घेऊन येत नाही. आयरा नोव्हेक या संशोधकानं 2001 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फ्रेंच मुलांसमोर 'काही जिराफांची मान लांब असते' अशा धर्तीची वाक्यं ठेवली होती. आठ ते दहा वर्षांच्या बहुतेक मुलांनी ती बिनतक्रार मान्य केली. सगळ्यांची मान लांब आहे, मग काहींची आहेच की. प्रौढांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना ती पटली नाहीत, कारण 'काही' ऐकताच त्यांनी 'सगळ्या नव्हे' असं मनात जोडून घेतलं. तर्कशास्त्राच्या फूटपट्टीनं मुलं बरोबर होती. मोठं होणं म्हणजे वाक्यात नसलेलं ऐकायला शिकणं, असं म्हटलं तर त्यात कौतुकही आहे आणि थोडी हळहळही.

आता ज्या उदाहरणाकडे मी वळणार आहे ते मला सर्वांत जवळचं वाटतं. एकतर ते महाराष्ट्री प्राकृतातलं आहे, आणि दुसरं म्हणजे या दोन क्रियापदांवरचा सर्वांत कसून झालेला वाद माझ्या माहितीत त्याच्याभोवती घडला आहे. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत एक स्त्री एका धार्मिक माणसाला सांगते: बाबा, आता खुशाल फिरा. ते कुत्रं आज मारलं गेलं. गोदेच्या काठच्या कुंजात राहणाऱ्या त्या माजलेल्या सिंहानंच मारलं. परंपरा याचा प्रसंग असा सांगते की तो कुंज तिची प्रियकराला भेटण्याची जागा आहे. हा सत्पुरुष तिथे फुलं तोडायला येतो आणि त्यामुळे तिच्या एकांतावर विरजण पडतं. कुत्र्याला तो आधीच घाबरतो. म्हणून ती त्याला सिंहाची बातमी देते. शब्दांत सांगितलंय 'फिरा', आणि पोचतंय 'पाऊलही टाकू नका'.

नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनानं ध्वनीचा, म्हणजे काव्यातल्या सुचवलेल्या अर्थाचा, सिद्धांत मांडताना ही गाथा उदाहरण म्हणून घेतली. वाच्यार्थ विधीचा ('फिरा') आणि व्यंग्यार्थ निषेधाचा ('फिरू नका'), म्हणजे दोन्ही अर्थ वेगळे असलेच पाहिजेत, असं त्याचं म्हणणं. हा दुसरा अर्थ शब्दाच्या एका स्वतंत्र शक्तीतून येतो, तिचं नाव व्यंजना. अकराव्या शतकात महिमभट्ट उभा राहिला आणि म्हणाला, अशी कुठलीही शक्ती मानायची गरज नाही. हे साधं अनुमान आहे. जिथे भीतीचं कारण असतं तिथे भित्रा माणूस फिरत नाही, कुंजात सिंह आहे, म्हणून हा तिथे फिरणार नाही. डोंगरावर धूर दिसला की आपण अग्नी आहे असं म्हणतो, तसंच. आजच्या भाषेत सांगायचं तर आनंदवर्धन म्हणत होता की काव्य इम्प्लाय करतं, आणि महिमभट्ट म्हणत होता की जे काही आहे ते सगळं वाचणाऱ्याचं इन्फर करणं आहे.

'काव्यप्रकाश' लिहिणाऱ्या मम्मटानं महिमभट्टाला दिलेलं उत्तर मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा त्याच्या माणसांच्या जाणकारीनं थक्क होते. तो अनुमानाचा हेतूच, म्हणजे ते ज्या कारणावर टेकलंय ते कारणच, तपासायला घेतो. भित्रा माणूससुद्धा गुरूच्या किंवा धन्याच्या आज्ञेनं, प्रियेच्या ओढीनं, भयाच्या जागी जातो, तेव्हा हेतू पक्का नाही. कुत्र्याला घाबरणारा वीर सिंहाला घाबरणार नाही, असंही होऊ शकतं. आणि मुळात तिथे सिंह आहे हे कशावरून? कुणी पाहिलेला नाही. फक्त हिच्या तोंडचं आहे, आणि हिच्या शब्दाची खात्री कोण देणार? धुरावरून अग्नी ठरवताना असा संशय ठेवून चालत नाही. तरीही अर्थ आपल्यापर्यंत पोचतो, आणि लख्ख पोचतो. म्हणजे तो अनुमानाच्या वाटेनं आलेला नाही.

मी मम्मटाच्या बाजूची आहे. तर्काचे सगळे पाय लटपटत असतानाही अर्थ उभा राहतो, कारण आपण बोलणारीकडे पाहतो, ती कोण, कुणाशी, कुठे, कशासाठी बोलतेय हे पाहतो. पण या वादात त्या बिचाऱ्या सत्पुरुषाकडे मला पुन्हा पुन्हा वळून पाहावंसं वाटतं. त्याच्यापर्यंत काय पोचलं? सिंह आहे, जाऊ नये, एवढंच. तिला आपण नको आहोत, हे त्याला कळलं नाही, आणि कळू नये हाच तिचा बेत होता. कवीनं आपल्याला सुचवलं. तिनं त्याला सुचवलं असं मला म्हणवत नाही. ब्रॉन्स्टननं त्या वकिलाला नेलं तसंच तिनं त्याला एका अनुमानापर्यंत चालवत नेलं. एकाच वाक्यात, एकाच वेळी, एका ऐकणाऱ्यासाठी खूण आहे आणि दुसऱ्यासाठी सापळा.

याच्या अगदी उलटा प्रकार मी जवळून पाहिला आहे, आणि या दोन क्रियापदांबद्दल मला जे काही वाटतं त्याचं मूळ बहुधा तिथे आहे. माझे मामा रुग्णालयात होते. आजार लांबलेला होता, उपचार बरेच झाले होते. एका सकाळी डॉक्टर मामींना म्हणाले, "काकू, आता त्यांना घरी घेऊन जा. घरी सगळ्यांमध्ये त्यांना बरं वाटेल." डॉक्टरांचा आवाज मऊ होता. बोलताना त्यांनी मामींच्या खांद्यावर हात ठेवला होता. मामी बाहेर आल्या त्या चेहरा उजळूनच. "घरी सोडतायत," त्या म्हणाल्या. "म्हणाले, आता बरं वाटेल." त्यांनी लगेच फोन करून सगळ्यांना कळवायला सुरुवात केली.

डॉक्टरांना काय सांगायचं होतं ते बाकीच्यांना हळूहळू कळलं, मामींना सर्वांत शेवटी. मी डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांनी काही लपवलं नाही, कुणाला चकवलं नाही. गाथेतल्या स्त्रीला आपला हेतू ओळखू यायला नको होता. डॉक्टरांना तर तो ओळखला जावा असंच वाटत होतं. आपल्याला न बोलावं लागता समोरच्या बाईंनी ते समजून घ्यावं, ही त्यांची आशा होती. आवाज, हात, 'घरी' या शब्दावरचा भर, सगळं त्यांनी त्यासाठी वापरलं. मामींनी त्याच खुणांचा दुसरा अर्थ लावला. मऊ आवाज म्हणजे चांगली बातमी. दोघंही परस्परांशी सहकार्यच करत होते.

जीन-फ्रांस्वा बोनफों आणि गाएल विलजुबेर यांचा 2006 सालचा एक अभ्यास या संदर्भात मला महत्त्वाचा वाटतो. डॉक्टर 'कदाचित तुम्हाला झोपेचा त्रास होईल' म्हणाले, आणि 'कदाचित तुम्हाला बहिरेपणा येईल' म्हणाले, तर ऐकणारे दुसऱ्या 'कदाचित'मध्ये जास्त शक्यता वाचतात. गंभीर बातमी असल्यामुळे डॉक्टर ती सौम्य करून सांगत असणार, असं ते धरून चालतात. म्हणजे काही लोक सौम्य शब्दामागे वाईट बातमी ऐकतात, आणि मामींसारखे काही सौम्य शब्दात सौम्य बातमीच ऐकतात. शब्द निवडणाऱ्याला समोर कोण बसलंय हे आधी कळायला मार्ग नसतो.

वैद्यकीय शिक्षणात यावर एक पद्धत शिकवली जाते, तिला टीच-बॅक म्हणतात. सांगून झालं की डॉक्टर रुग्णाला किंवा नातेवाइकाला त्याच्याच शब्दांत ते परत सांगायला लावतात. "कळलं ना?" हा प्रश्न त्यात चालत नाही, कारण त्याचं उत्तर नेहमी हो असतं. विचारायचं ते असं: मी नीट सांगितलं की नाही हे मला पाहायचंय, तर घरच्यांना तुम्ही काय सांगाल? परीक्षा सांगणाऱ्याची, ऐकणाऱ्याची नाही. बर्गर यांनी जो भार प्रश्नकर्त्यावर टाकला तो इथे बोलणारा स्वतःहून उचलतो, आणि ऐकणाऱ्यानं मनात काढलेला अर्थ, एरवी जो कुणालाच दिसत नाही, तो बोलून दाखवला जातो. सुचवलेलं आणि समजलेलं शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचा एवढा साधा दुसरा मार्ग माझ्या पाहण्यात नाही.

त्या सकाळी तो प्रश्न विचारला गेला असता तर मामी काय म्हणाल्या असत्या ते मला ठाऊक आहे. "त्यांना उतार पडलाय म्हणून घरी सोडतायत, असं सांगीन." आणि मग डॉक्टरांना पुढचं वाक्य तिथेच, मामींच्या समोर बसून, बोलावं लागलं असतं.